टायरची आतली कड: दोन सारख्या गाड्या, दोन प्रकारचे टायर, २६,००० किलोमीटर

नव्या गाडीसोबत आलेल्या टायरांबद्दल पहिल्या पाच हजार किलोमीटरवर जे मत होतं, ते पुढे पावसाळ्यात तपासावंच लागतं. मी मार्च २०२४ मध्ये गाडी घेतली तेव्हा भेटेल त्याला टायरांचं कौतुक सांगत होतो. त्यातलं निम्मं आजही मागे घेणार नाही. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितोय.

गाडी जर्मन सेडान, ताकद मागच्या चाकांना. पुढे २२५/४५ आर १८ मापाचे टायर, मागे जास्त रुंद २५५/४० आर १८, चारही रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे. दोनच महिन्यांनी कोल्हापूरच्या दादाने हेच मॉडेल घेतलं. माप तेच, फक्त त्याच्या गाडीला दुसऱ्या कंपनीचे टायर आले. कारखाना एकाच मॉडेलसाठी दोन-तीन टायर कंपन्यांकडून माल घेतो आणि आपल्या वाट्याला कुठले येतील हे आपण ठरवत नाही. एरवी दोन टायरांची तुलना करायची तर गाडी बदलते, चालवणारा बदलतो, रस्ता बदलतो. इथे गाडी तीच, आणि आम्ही दोघं एकमेकांची गाडी बिनधास्त चालवतो. एवढी सरळ तुलना पुन्हा मिळणार नाही म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवली.

एक गोष्ट आधीच सांगतो. कारखान्यातून येणारा टायर आणि त्याच नावाचा दुकानातला टायर एकच असेल असं नाही. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या टायरच्या बाजूला तारा असतो, मर्सिडीजला ‘एमओ’, ऑडीला ‘एओ’, पोर्शेला ‘एन’ आणि पुढे आकडा. रबराचं मिश्रण आणि आतली बांधणी त्या गाडीसाठी जुळवलेली असते. बदलताना हे चिन्ह बघून घ्या.

माझे टायर कोरड्या रस्त्यावर अप्रतिम होते. ताम्हिणीत डिसेंबरच्या सकाळी गाडी वळणात टाकली की स्टिअरिंग लगेच बोलायचं, पुढचं चाक कुठे आहे ते तळहाताला कळायचं. दादाच्या गाडीत तेच वळण घेताना उत्तर अर्ध्या क्षणाने उशिरा यायचं आणि टायर आधी कुरकुरायचा. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर त्याचे टायर आवाजही जास्त करतात. खड्ड्यात दोन्ही सारखेच कडक. रन-फ्लॅटची बाजूची भिंत जाड असते, कारण हवा गेल्यावरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता यावं लागतं. त्याची किंमत पाठ मोजते. दादाच्या एका टायरला उंब्रजच्या कामाच्या पट्ट्यात खड्ड्याने फुगा आला, तो बदलावाच लागला.

पावसात मात्र चित्र उलटं. पहिल्या पावसाळ्यात फरक थोडा होता. दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, कोल्हापूरला निघालो होतो. मीटरवर १७,४०० किलोमीटर. साताऱ्याच्या पुढे रस्त्यावर पाण्याचा पातळ थर होता, वेग ८० च्या आसपास. गाडीची मागची बाजू डावीकडे एकदम हलकी झाली. घसरली म्हणणार नाही, पण जमिनीवरून कुणी उचलून पुन्हा ठेवल्यासारखं वाटलं. डॅशबोर्डवर घसरण सावरणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. मागे बायको आणि मुलगी झोपलेल्या. तिथून कोल्हापूरपर्यंत साठच्या वर गेलो नाही.

सकाळी दादा त्याच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे घेऊन गेला. मी उकिडवा बसून मागचा टायर बघितला आणि म्हणालो, “दादा, नक्षी तर चांगली आहे की रे.” टायरवाला हसलासुद्धा नाही. “साहेब, बाहेरनं बघून काय कळतंय? आत हात घाला.” गाडी लिफ्टवर गेली. मी आतल्या कडेवरून बोट फिरवलं तर रबर काचेसारखं गुळगुळीत, आणि जेमतेम बोटभर रुंदीच्या पट्ट्यात काहीतरी टोचलं. रबराखालच्या पोलादी तारा होत्या. बाहेरच्या कडेला ४.२ मिलिमीटर खोली, मध्ये ३.६, आणि आत तारा. कायद्याने टायर १.६ मिलिमीटरवर संपतो. खाचेत दिसणारा उंचवटा त्याचसाठी असतो. तो उंचवटा बाहेरच्या खाचेत अजून कितीतरी खाली होता.

पाण्यातला तो झटका इथून आला होता. असिमेट्रिक टायरमध्ये, म्हणजे आत एक आणि बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरमध्ये, आतल्या बाजूला पाणी काढणाऱ्या खाचा साधारणपणे जास्त असतात आणि बाहेरची बाजू वळणात पकड देण्यासाठी भरीव ठेवतात. म्हणजे आतली कड गेली की पाणी फेकण्याची ताकद आधी जाते, कोरड्यातली पकड नंतर. कोरड्या रस्त्यावर माझी गाडी शेवटच्या दिवसापर्यंत झकास वळत होती, त्यामुळे संशयच आला नाही.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. हा भाग मला मनापासून लागलाय. पुण्यात मी दर सहा-सात हजारांवर न चुकता अलाइनमेंट करून घेत होतो, पैसे मोजून. त्या दुकानात दोन्ही वेळा फक्त पुढची चाकं लावली गेली, आणि कागदावर मागच्या चाकांचे रकाने कोरे होते. मी ते कोरे रकाने वाचले नाहीत. कोल्हापुरात चारही चाकांना मापं लावली. मागे निगेटिव्ह कॅम्बर २ अंशांच्या किंचित पुढे, म्हणजे चाकं वरून आत झुकलेली. अशा गाडीत वळणातल्या पकडीसाठी हे मुद्दाम दिलेलं असतं, त्यात बिघाड काही नाही. बिघाड होता टो मध्ये, म्हणजे चाक सरळ पुढे बघतंय की आत-बाहेर वळलंय त्या कोनात. डावं मागचं चाक किंचित आत वळलेलं हवं, ते १० मिनिटं बाहेर उघडलं होतं. ६० मिनिटांचा एक अंश, त्यामुळे १० मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हिशेब करा: दर किलोमीटरला ते चाक जवळपास ३ मीटर आडवं घासत होतं. दहा हजार किलोमीटरला २९ किलोमीटर आडवी फरफट, आणि कॅम्बरमुळे ती सगळी आतल्या कडेवर. उजव्या टायरची आतली कड २.३ वर होती, तारा फक्त डावीकडे होत्या.

दादाच्या गाडीचं टो बरोबर निघालं. १५,१०० किलोमीटरनंतर त्याचे मागचे टायर बाहेर ४.९, मध्ये ४.६, आत ४.०. कॅम्बर दोन्ही गाड्यांना जवळपास सारखाच, तरी झीज एवढी वेगळी. म्हणून एकतर्फी झिजेचं खापर मी टायरवर फोडणार नाही. फक्त एवढं म्हणेन की माझं रबर मऊ होतं, चूक झाली तर ते लवकर शिक्षा करतं. बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे झीज किती सोसेल याचा आकडा माझ्या टायरवर २४०, दादाच्या ३००. हा आकडा अमेरिकेत टेक्सासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून १०० च्या प्रमाण टायरशी तुलना करून काढतात, पण तो कंपनी स्वतःच ठरवते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून आयुष्य मोजू नये. मिश्रण मऊ आहे की कडक, एवढा अंदाज त्यातून येतो.

बदलायची वेळ आली तेव्हा पुढचे टायर अजून चालले असते. तरी चारही दादासारखेच घेतले, कारण पुढे एक स्वभाव आणि मागे दुसरा असं पावसात मला नको होतं. मापच वेगळं असल्यामुळे या गाडीत पुढचे टायर मागे फिरवताही येत नाहीत. २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीला परवाना लावला, तेव्हापासून अशी मापं पटकन मिळत नाहीत. मला तीन आठवडे थांबावं लागलं आणि तेवढे दिवस गाडी उभी होती. आल्यावर बाजूचा चार आकडी शिक्का बघितला: २२२५, म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. जुना माल असता तर परत केला असता.

ताम्हिणीतली ती मजा गेली, हे खरं. पहिल्या महिन्यात दर वळणाला आठवण यायची. पण ऑगस्टच्या पावसात तीच गाडी, तोच सातारा-कराड रस्ता, आणि मागची बाजू एकदाही हलली नाही. वर्षातले चार महिने आपण पाण्यात गाडी चालवतो, घरचे मागे बसलेले असतात. मला निवडायला दिलं तर मी दादाचेच टायर घेईन, आणि जो फक्त कोरड्या घाटात पहाटे एकटा चालवतो त्याला माझे जुने सुचवेन.

हवा आता थंड टायरमध्येच बघतो. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारच्या पंपावरचा आकडा फसवतो. दर पाच हजारांवर खोली मोजायचा गेज घेऊन गाडीखाली वाकतो आणि आतली, मधली, बाहेरची अशी तीन मापं लिहितो. अलाइनमेंटच्या कागदावर मागचे रकाने भरलेले नसतील तर पैसे देत नाही.

परवा मोजलं. नवे टायर ८,६०० किलोमीटर चाललेत. मागचा डावा: बाहेर ६.४, मध्ये ६.२, आत ५.९. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “माझ्यापेक्षा बरे आहेत की. मे महिन्यात ये, पावसाच्या आधी दोन्ही गाड्या परत लिफ्टवर चढवू.”