जुनं घर पाडून मोठं बांधायचं आहे? ऑनलाइन बांधकाम परवानगीची झाडाझडती

प्लॉट ३०० चौरस मीटरच्या आत, मालकीचे कागद स्वच्छ, आणि रस्ता नकाशात जेवढा तेवढाच जागेवर. या तिन्ही गोष्टी जमून आलेल्या मालकासाठी महाराष्ट्रातली ऑनलाइन बांधकाम परवानगी ही आज चांगली सेवा आहे, हे आधीच सांगून टाकू. तिन्हींपैकी एक जरी ढिली असेल तर पोर्टलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फाईल अडते ती लॉगिन करण्याच्या कितीतरी आधी, भूमी अभिलेख कार्यालयात, सोसायटीच्या कपाटात किंवा आजोबांच्या नावावरच राहिलेल्या सातबाऱ्यात.

हे परीक्षण मुंबई महापालिकेची हद्द सोडून उर्वरित शहरांसाठी आहे. तिकडे डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे म्हणतात ती यूडीसीपीआर लागू आहे. (काही प्राधिकरणं आणि संवेदनशील क्षेत्रं तिच्याबाहेर आहेत, तेवढं आपल्या गावापुरतं तपासा.) मुंबईचे नियम वेगळे, खर्चाचं गणितही वेगळं.

सेवेचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे जोखमीनुसार केलेली वर्गवारी. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं छोटं घर कमी जोखमीच्या गटात येतं. परवानाधारक वास्तुविशारदामार्फत नकाशे आणि सूचनापत्र द्यायचं, शुल्क भरायचं, आणि ती पावतीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरला वास्तुविशारदाने नकाशा नियमात असल्याचं प्रमाणित केलं की १० दिवसांत मंजुरी अपेक्षित आहे. मजल्यांच्या मर्यादा दोन्ही गटांना आहेत. ३०० च्या वर नेहमीची छाननी.

पण पावतीवर बांधायला मिळालं म्हणून नियम सैल झाले असं समजू नका. समासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, म्हणजेच समास), एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण), पार्किंग हे सगळं तसंच लागू राहतं, फक्त चूक पकडणारा अधिकारी मधून निघून गेलेला असतो. चूक मग भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर राहायला योग्य असल्याच्या दाखल्याच्या वेळी सापडते, म्हणजे स्लॅब घातल्यानंतर. छोट्या प्लॉटवाल्यांनी म्हणूनच वास्तुविशारद निवडताना जास्त काटेकोर असावं. इथे छाननी तोच करतो.

आता मोठं म्हणजे किती मोठं, ते पाहू. एक १५ बाय २० मीटरचा, म्हणजे ३०० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. त्यावर सत्तरच्या दशकातला एकमजली बंगला आहे आणि समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद आहे. दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ एफएसआय १.१० मिळतो, म्हणजे ३३० चौरस मीटर. त्यावर प्रीमियम भरून ६० टक्के पूरक एफएसआय घेता येतो, १९८ चौरस मीटर. एकूण ५२८. रस्ता ९ मीटर किंवा जास्त, पण १२ पेक्षा कमी असेल तर ०.५० प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) आणि ०.४० टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा, विकत घ्यायचा बांधकाम हक्क) यांची भर पडते. मग पूरक सोडून आकडा ६०० होतो आणि पूरक धरून ९६०. त्याच प्लॉटवर, केवळ रस्त्याच्या रुंदीमुळे, कागदावर जवळपास दुप्पट फरक. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याच्या प्रस्तावावरून एवढा गदारोळ का झाला, ते या आकड्यांवरून कळतं.

एक लक्षात ठेवा: हे क्षेत्र पी-लाइनने मोजतात. इमारतीच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं जवळपास सगळं त्यात येतं, बाल्कनी आणि जिनासुद्धा. जुन्या नियमांत बाल्कनी आणि जिना वेगळे धरायची सवय असलेले मालक ५२८ ऐकून हुरळतात आणि आतली वापरायची जागा पाहून हिरमुसतात.

आणि कागदावरचं सगळं जागेवर बसतंच असं नाही. याच प्लॉटवर पुढे ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडलं असं धरा. एका मजल्याला १२ बाय १५.५, म्हणजे १८६ चौरस मीटर मिळतात. ५२८ बसवायला तीन मजले पुरतात. ९६० साठी मात्र पाच मजल्यांवर थोडं उरतं. त्या उरलेल्या ३० चौरस मीटरसाठी सहावा मजला चढवला की उंची १५ मीटरच्या पलीकडे जाते आणि बाजूचं व मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश लागतं. १८ मीटर उंचीला ३.६ मीटर. मग प्रत्येक मजला ७.८ बाय १३.४, जेमतेम १०५ चौरस मीटरचा होतो आणि सहा मजले मिळून ६३० सुद्धा भरत नाहीत. "पूर्ण पोटेन्शियल काढून देतो" म्हणणाऱ्या सल्लागाराला आधी हे गणित कागदावर मांडायला सांगा. टीडीआर विकत घेऊन तो बसलाच नाही, तर पैसे अडकले.

जुन्या घराचे समास नव्या घराला वारशाने मिळत नाहीत. जुनी भिंत शेजाऱ्यापासून एक मीटरवर असेल, तेव्हाच्या मंजूर नकाशात असेल, तरी पाडलं की आजचे नियम. म्हणून दुरुस्ती आणि वाढीव मजला यात भागतंय का हा प्रश्न अरुंद प्लॉटवाल्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारावा. आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात येईपर्यंत घराला हातोडा लावू नये. घर पाडलेलं, भाड्याच्या जागेत राहायला गेलेलं आणि मंजुरी अडकलेली, या अवस्थेत मालक कुठलीही अट मान्य करतो.

कागदांकडे येऊ, कारण खरा वेळ तिथे जातो. परवानगीच्या क्षेत्रफळ तक्त्यात प्लॉटचं क्षेत्र तीन ठिकाणांहून येतं: मालकी कागद म्हणजे सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, आणि जागेवरचं प्रत्यक्ष माप. तिन्हींतलं सर्वात लहान धरलं जातं. सातबारा ३०० सांगतो, मोजणी २९१ सांगते आणि कुंपणाच्या आत २८४ भरतात, तर तुमचा प्लॉट २८४ चा. १६ चौरस मीटर गेले म्हणजे मूळ आणि पूरक मिळून २८ चौरस मीटर बांधकाम, एक चांगली खोली आणि वर बाथरूम, गेलं. त्यामुळे वास्तुविशारदाला आराखडा काढायला सांगण्याआधी मोजणी करून घ्या. ई-मोजणीतून अर्ज होतो, नियमित किंवा द्रुतगती. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवा आणि हद्दीच्या खुणा तिथल्या तिथे पक्क्या करून घ्या. आराखडा आधी आणि मोजणी नंतर हा उलटा क्रम फार घरांत दिसतो. मग सगळी ड्रॉइंग पुन्हा होतात, आणि त्याचं बिलही पुन्हा येतं.

बाकीची यादी वाटते तेवढी भयंकर नाही. झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा, जुना मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची बाकी नसल्याचा दाखला. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी) असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता आधी. प्लॉट सहकारी गृहरचना संस्थेचा आणि तुमच्याकडे फक्त भाडेपट्टा असेल, तर संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. ते लेखी आणि ठरावासकट घ्या, सचिवांच्या तोंडी होकारावर नको. वारस नोंद राहिली असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र लागेल. परदेशातल्या भावाचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून यायला वेळ जातो, ते सगळ्यात आधी सुरू करा. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा, विमानतळाजवळ असाल तर उंचीची मर्यादा, लष्करी हद्दीजवळ असाल तर तिथलं ना हरकत. पुण्याच्या लोहगाव परिसरातल्यांना हे सांगायला नको.

झाडांबद्दल दोन शब्द जास्त, कारण जुन्या बंगल्यांत झाडं असतातच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आहे. मागच्या कोपऱ्यातला आंबा १९७० चा असेल तर जिन्याची जागा बदलणं स्वस्त पडतं. आराखड्यावर सगळी झाडं बुंध्याच्या मापासह आधीच दाखवा. नंतर उघड झालेलं झाड फाईल परत पाठवतं.

आता पोर्टल. ड्रॉइंग संगणकावर ठरवून दिलेल्या लेयरमध्येच, म्हणजे थरांतच आखावं लागतं आणि सॉफ्टवेअर ते वाचून छाननी अहवाल काढतं. कल्पना उत्तम आहे. एफएसआय, समास, खोल्यांची मापं, पार्किंग यांवर अधिकाऱ्याची मर्जी चालत नाही. पण सॉफ्टवेअर हट्टी आहे. पी-लाइनची रेषा (पॉलीलाइन) सगळीकडून बंद नसेल, खोलीचं नाव चुकीच्या लेयरवर असेल, कारची जागा २.५ बाय ५ मीटरपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी असेल, तर अहवालात लाल शेरा. यातल्या बऱ्याच चुका कार्यालयाच्या नाहीत, ड्राफ्ट्समनच्या आहेत. तुम्हाला "साहेबांनी क्वेरी काढली" असं सांगितलं जातं तेव्हा छाननी अहवालाची प्रत मागा. त्रुटी नेमकी कुणाच्या टेबलावर आहे ते त्यात दिसतं.

यासाठीच मालकाचं लॉगिन मालकाच्याच मोबाइल क्रमांकावर हवं. एजंट स्वतःचा क्रमांक घालून मोकळे होतात, मग शुल्काचं मागणीपत्र कधी निघालं, त्रुटी कधी आली हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकावं लागतं.

६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे. तिच्या भरवशावर कुणी काम सुरू करू नये. नकाशा नियमांत पूर्ण बसत असेल तरच ती लागू होते, आणि बसतो की नाही यावरच तर वाद असतो.

पैशांचा भाग. विकास शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाच्या वार्षिक दरतक्त्यातल्या जमीनदरावर ठरतं: निवासी वापराला जमिनीसाठी अर्धा टक्का, बांधकामासाठी २ टक्के. मेट्रोसारखे प्रकल्प असलेल्या शहरांत ते वाढवलेलं असतं. दर ४०,००० रुपये चौरस मीटर धरला तर आपल्या उदाहरणात जमिनीचे ६०,००० आणि ५२८ चौरस मीटरचे ४,२२,४००. पूरक एफएसआयच्या प्रीमियमचा टक्का शहराप्रमाणे बदलतो. १० टक्के धरला तरी १९८ चौरस मीटरचे ७,९२,००० होतात. म्हणजे ३३० चौरस मीटरमध्ये कुटुंबाचं भागत असेल तर पूरक क्षेत्र घेऊच नका. जादा २०० चौरस मीटरचा खर्च प्रीमियमवर थांबत नाही, बांधकाम आणि पुढचा मालमत्ता करही त्यावर चढतो. शिवाय बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार उपकर, पाणी-ड्रेनेजची शुल्कं आणि राडारोड्याची विल्हेवाट.

खासगी सल्लागारांच्या "मंजुरी ते भोगवटा" पॅकेजबद्दल आमचं मत बरं नाही. दर चौरस फुटामागे सांगितला जातो, पण त्यात मोजणी, वृक्ष परवानगी, ड्रेनेज, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र येतं का हे मोघम असतं. प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत, शासकीय शुल्क आणि त्यांची फी वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घ्या. वास्तुविशारदाचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक तपासा. फीचा शेवटचा हप्ता, निदान पाचवा हिस्सा, भोगवटा प्रमाणपत्राला बांधा. शासकीय शुल्क एजंटच्या खात्यात भरू नका. मागणीपत्र तुमच्या नावाचं असतं, तुम्हीच ऑनलाइन भरा आणि चलन जपून ठेवा.

प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असतं आणि दरवर्षी वाढवून घ्यावं लागतं. घरच्या अडचणींमुळे काम रेंगाळलं की ही तारीख हमखास विसरली जाते. जोत्यापर्यंत काम आलं की पुढचा कॉलम भरण्याआधी जोते तपासणी. इथे समास दहा सेंटिमीटरने चुकला तरी तो अजून दुरुस्त करता येतो. कंत्राटदाराने वाढवलेला खिडकीवरचा छज्जा, गच्चीवरची खोली, स्टिल्टला (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याला) घातलेली भिंत यांची नोंद सुधारित नकाशात वेळच्या वेळी करा, नाहीतर भोगवटा तिथेच थांबतो.

एकूण गुण द्यायचे तर १५० चौरस मीटरपर्यंत ५ पैकी ४, ३०० पर्यंत साडेतीन. त्याच्या वर, आणि विशेषतः भाडेकरू असलेल्या जुन्या घरांना, अडीचच. तिथे भाडेकरूंचं पुनर्वसन, करार आणि संमतीपत्रं हे सगळं पोर्टलच्या बाहेर, वकिलाच्या टेबलावर ठरतं, आणि त्याला कुठलीही मुदत नाही.