‘स्पर्श’वरची फॅमिली पेन्शन: सोय चांगली, पण नावं आधी जुळवा

सेवेत असताना जवान गेला की त्याच्या पत्नीची फॅमिली पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून थेट खात्यात जमा होते. मंजुरी प्रयागराजच्या (जुनं अलाहाबाद) संरक्षण पेन्शन कार्यालयाची, म्हणजे पीसीडीए (पेन्शन्स)ची; कागद रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या कार्यालयाचे. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावचे. ऐरोली-कळव्यात बसून पेन्शनचा आदेश आणि दरमहाचा हिशेब मोबाइलवर दिसतो, हे खरंच मोलाचं आहे.

आदेश आला की रकमेआधी पेन्शनचा प्रकार वाचा. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना मृत्यू झाला तर ‘लिबरलाइज्ड’, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. सेवेमुळे ओढवलेला अपघात किंवा आजार असेल तर ‘स्पेशल’, ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर ‘ऑर्डिनरी’: पहिली १० वर्षं ५० टक्के, पुढे ३०. पगार ४०,००० धरला तर ४०,०००, २४,००० किंवा २०,००० (नंतर १२,०००). महागाई सवलत वेगळी. एका शब्दावर घर चालणार असतं. ‘ऑर्डिनरी’ पटत नसेल तर युनिटच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीची (मृत्यूच्या लष्करी चौकशीची) प्रत मागा आणि ६ महिन्यांच्या आत पहिलं अपील टाका. ड्युटीवरच्या मृत्यूची केंद्राची २५ ते ४५ लाखांची सानुग्रह रक्कम आणि विमा यांचा पाठपुरावा वेगळा.

अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. रेकॉर्डला ‘सुनंदा’, आधारवर ‘सुनंदाबाई’, पॅनवर अजून माहेरचं आडनाव. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंदच, निघाली नसेल तर आणखी कठीण, कारण पेन्शन रेकॉर्डच्या नोंदीवरच ठरते. अशा वेळी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि आधार-पॅन घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून दुरुस्तीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येतो. जवान सुट्टीवर आला असतानाच ही नावं ताडून घ्यावीत. तेरावं व्हायच्या आत कपाटात दाखले शोधायची वेळ कुठल्याच वहिनींवर येऊ नये.

हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, चुकला तर पेन्शन थांबते. ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या ऑनलाइन दाखल्याच्या सेवेवर भरताना पेन्शन वाटप करणारी संस्था म्हणून सवयीने बँक निवडली जाते आणि दाखला भलतीकडेच जातो. तिथे ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ हाच पर्याय घ्या आणि नंतर ‘स्पर्श’मध्ये लॉगिन करून पुढच्या वर्षाची तारीख दिसते का ते बघा.