प्रोजेक्ट सेंटरला पैसे देण्याआधी हे वाचा

धाकटा भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ब्रँच ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम). चौघांच्या ग्रुपनं प्रोजेक्ट घेतला होता मोबाइलवरून शेतपंप चालू-बंद करण्याचा. सर्किट पोरांनी स्वतः काढलेलं. पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) करून घ्यायला आणि प्रोग्रॅमिंग शिकायला पुण्यातल्या एका 'गाइडन्स' सेंटरला त्यांनी 9,000 रुपये दिले. बोर्ड, सोर्स कोड (प्रोग्रॅमची मूळ फाइल), शिकवणी असं ठरलं होतं, पण सगळं तोंडी. हातात आली ती कच्ची चिठ्ठी.

दुकानात डेमो झकास झाला. मिस्ड कॉल दिला की रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा स्विच, खट्‌कन ओढायचा. घरी आणून पोरांनी आपलं जिओचं सिम घातलं, तर बोर्ड ढिम्म.

मी बोर्ड रिपेअरिंगच करतो, म्हणून उघडून बसलो. सिम घालायचं, नेटवर्क पकडणारं मॉड्यूल होतं सिम800एल. ते फक्त टूजीवर चालतं आणि जिओकडे टूजी नाहीच. एवढं साधं पोरांना सांगायला काय जात होतं? एअरटेलचं सिम घातलं. नेटवर्क मिळालं की मॉड्यूलवरचा दिवा साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. इथे तो भराभर लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे मॉड्यूल क्षणभरासाठी 2 अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि सोबत दिलेला अडॅप्टर होता 500 मिलिअँपिअरचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरचा. तो कमी पडायचा. दुकानातला डेमो त्यांच्या बेंच सप्लायवर, म्हणजे टेबलावरच्या दणकट पॉवर सप्लायवर झाला होता.

खरी लबाडी मात्र पुढेच. मायक्रोकंट्रोलरवरचा (ज्यात प्रोग्रॅम असतो त्या मुख्य चिपवरचा) नंबर पॉलिश पेपरनं घासून काढलेला. प्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड टाकायचं यंत्र) लावला तेव्हा कळलं, चिप एटीमेगा328पी आणि लॉक बिट्स टाकलेले. म्हणजे आतला कोड वाचता येत नाही. लॉक काढायचा तर अख्खी चिप पुसावी लागते आणि कोडही जातो. ज्या मोबाइलवरून कॉल आला तरच बोर्ड चालणार, तो नंबर त्याच कोडमध्ये पक्का बसवलेला, तोही दुकानदाराचा! बदलून द्यायचे आणखी 3,000, सोर्स कोडचे वेगळे. सबमिशन तोंडावर आलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक्स्टर्नलनं (बाहेरच्या परीक्षकानं) ओरलला "नंबर बदलून दाखवा" म्हटलं असतं तर पोरांनी काय दाखवलं असतं? याचा मला फार संताप आला.

पोरांनी चिप पुसली आणि जागून कोड स्वतः लिहिला. सप्लाय मी बदलून दिला.

तुम्ही कुठे काम देणार असाल तर सोर्स फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, ती तुमच्याच लॅपटॉपवरून कोऱ्या चिपमध्ये टाकायला लावा आणि तुमच्या सिमवर, तुमच्या अडॅप्टरवर चालली तरच उरलेले पैसे द्या. नंबर घासलेली आयसी (चिप) दिसली तर बोर्ड घेऊच नका. बिल मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आम्ही तिथे तक्रार केली आहे. चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं, पण पैसे यूपीआयनं दिले होते, तोच पुरावा जोडला.