रॉड पंपाच्या विहिरींवर लांबून नजर: चालू-बंद अलार्म की डायनो कार्ड?

मेहसाण्यासारख्या तेलक्षेत्रात सकर रॉड पंपाच्या (वरून रॉड वरखाली करून तेल उपसणाऱ्या) विहिरी शेतांमधून दूरदूर विखुरलेल्या असतात, आणि डायनो कार्ड (एका स्ट्रोकमध्ये रॉडवरचा भार कसा बदलतो त्याचा आलेख) नीट वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्या माणसांचा वेळ जीपमध्ये जाऊ नये म्हणून देखरेख बसवायची, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे मोटर चालू की बंद, करंट आणि ट्यूबिंग-केसिंगचं (विहिरीतला तेलाचा आतला पाइप आणि बाहेरचा पाइप) प्रेशर पाठवणारा, सिम घातलेला साधा बॉक्स. दुसरी म्हणजे पॉलिश्ड रॉडवर (सगळ्यात वरचा, विहिरीबाहेर दिसणारा रॉड) भार मोजणारा लोड सेल बसवून दर स्ट्रोकचं कार्ड काढणारा आणि पंप नीट भरेनासा झाला की तो थांबवणारा पंप-ऑफ कंट्रोलर.

साधा बॉक्स स्वस्त पडतो, पंपिंग युनिटला हात लावावा लागत नाही आणि देखभालही फारशी नाही. फक्त बॅटरीवाला घ्या, नाहीतर वीज गेली की तोही मुका होतो. अलार्म फीडरनुसार (वीजवाहिनीनुसार) एकत्र करून घ्या. एका ट्रिपला वीस मेसेज यायला लागले की लोक फोन उलटा ठेवतात.

माझं मन त्यावरून उडालं ते एकाच त्रासामुळे. रॉड तुटला तरी मोटर फिरतच राहते. विहिरीकडचं वजन गेलेलं असतं, पण डाउनस्ट्रोकला काउंटरवेट उचलायला करंट लागतोच, त्यामुळे सरासरी आकडा बऱ्याचदा ठीकठाक दिसतो. स्क्रीनवर हिरवा दिवा आणि विहिरीतून थेंब नाही. उत्पादन घटल्याचं कळतं ते टाकीतली पातळी मोजताना, म्हणजे डिपला. मग सगळ्यात जाणता माणूस पोर्टेबल डायनोमीटर घेऊन एकेक विहीर धुंडाळत बसतो. कार्डावर तेच लगेच ओळखू येतं: खाली बसलेला, जवळपास सपाट, बारीक पट्टा.

कोणाला पाठवायचं हेही कार्डच सांगतं. डाउनस्ट्रोकला लोड उशिरा आणि एकदम कोसळला तर फ्लुइड पाउंड, म्हणजे अर्धवट भरलेल्या पंपात प्लंजर द्रवावर आदळतो. थांबण्याचा वेळ ऑफिसातूनच बदलून बहुतेकदा भागतं. तोच उतार गोलसर असेल तर गॅसचा अडथळा, म्हणजे आधी केसिंगचं प्रेशर बघा. पट्टा सपाट असेल तर वर्कओव्हरवाल्यांना (विहिरीतले रॉड-पंप काढून दुरुस्त करणाऱ्यांना) कळवा, फिटरला उगाच पळवू नका. खोल विहिरीत मात्र वरच्या कार्डावर विसंबू नका. रॉडच्या ताणामुळे आणि कंपनांमुळे आकार बिघडतो. वेव्ह इक्वेशनने (रॉडमधून जाणाऱ्या लहरींच्या गणिताने) काढलेलं पंपाजवळचं कार्ड पाहा.

कंट्रोलरचीही दुखणी आहेतच. लोड सेलची केबल कॅरियर बारपाशी (रॉड उचलणाऱ्या आडव्या पट्टीपाशी) वरखाली हलून तुटते, तिला सैल वळसा द्या आणि बांधून घ्या. सेलचा झीरो सरकतो. रॉडचा भार क्लँपवर घेऊन तो अधूनमधून तपासायला माणूस लागतोच. जड तेलाच्या किंवा वाळू येणाऱ्या विहिरीत पंप थांबवून-चालवून फिलेज (पंप किती भरतो ते) सांभाळू नका. थांबल्यावर वाळू पंपावर बसते. तिथे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावून वेग कमी करणं बरं. बाकी विहिरींना फिलेज साधारण 75 टक्क्यांखाली सलग दोन-तीन स्ट्रोक राहिलं की थांबा आणि सुरुवातीला 15 मिनिटं विश्रांती, इथून सुरू करून जुळवत जा.

दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी केसिंगमधली द्रवाची पातळी बहुतेक ठिकाणी एकोमीटरनेच (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पातळी काढणारं यंत्र) मोजावी लागते, तीही विहिरीवर जाऊन. वाचलेला वेळ तिकडे वळवा. अगदी कमी तेलाच्या विहिरींवर साधा बॉक्स कदाचित पुरेल. बाकी ठिकाणी मी कंट्रोलरच सुचवेन, आणि खरेदीतच दोन लोड सेल व चार केबल जास्तीच्या मागून घ्या म्हणेन.