आय५-१२३५यू की रायझन ५ ७५३०यू : एका घरातल्या दोन लॅपटॉपचा हिशेब

२०२३च्या जुलैमध्ये, ऐन रिटर्नच्या हंगामात, आमच्या घरी आठवड्याभराच्या अंतराने दोन लॅपटॉप आले. पहिला माझ्या करसल्लागारीच्या कामासाठी, इंटेलच्या कोअर आय५-१२३५यू या प्रोसेसरचा. दुसरा मुलीसाठी, एएमडीच्या रायझन ५ ७५३०यूचा, कारण तिचे संगणक अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सुरू व्हायचे होते. दोन्ही पुण्यात टिळक रस्त्यावरच घेतले, दोन्हींत ५१२ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम होती, आणि तरी माझ्या लॅपटॉपला साधारण पाच हजार रुपये जास्त पडले. हे पाच हजार नेमके कशाचे गेले, याचा छडा लावण्याची संधी त्यानंतर पुष्कळदा मिळाली, कारण दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर वापरली जात होती.

कागदावर दोघांचे वर्णन जवळपास सारखे आहे: थ्रेड (एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे) १२, मूळ वीजमर्यादा १५ वॅट. मात्र १२ हा आकडा दोघे निरनिराळ्या वाटेने गाठतात. २०२२च्या सुरुवातीला आलेल्या आय५-१२३५यूमध्ये दोन मोठे कोअर (प्रोसेसरमधली प्रत्यक्ष काम करणारी एकके) आहेत, ज्यांतला प्रत्येक एका वेळी दोन थ्रेड हाताळतो, आणि आठ छोटे कोअर आहेत, जे प्रत्येकी एकच थ्रेड सांभाळतात. मोठ्या कोअरचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, छोट्यांचा ३.३पर्यंत. जानेवारी २०२३मध्ये जाहीर झालेल्या ७५३०यूमध्ये असा थोरला-धाकटा भेद नाही; सहा सारखे कोअर, प्रत्येकी दोन थ्रेड, वेग ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), तर इंटेलकडे १२ एमबी. कोणते काम मोठ्या कोअरला द्यायचे आणि कोणते छोट्याला, हे ठरवण्यासाठी इंटेलच्या या रचनेला विंडोज ११ची साथ लागते. माझ्या ओळखीतल्या एका कार्यालयाने जुन्या सॉफ्टवेअरच्या हट्टापायी असाच लॅपटॉप बराच काळ विंडोज १०वर चालवला; हे मला पैसे मोजून घेतलेली वस्तू अर्धीच वापरण्यासारखे वाटते.

खरेदीच्या वेळची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण तिथे अनेकांची फसगत होते. एका दुकानात आम्हाला ‘हाच तो सात हजारच्या मालिकेतला रायझन ५, आणि वर स्वस्त’ म्हणून जो लॅपटॉप दाखवला, त्याच्या स्टिकरवर ७५२०यू असे होते. ७५२०यू आणि ७५३०यू यांत एका अंकाचा फरक दिसतो, पण एएमडीच्या त्या वर्षीच्या नामकरणात तिसरा अंक प्रोसेसरच्या रचनेची पिढी सांगतो: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. ७५२०यूमध्ये चारच कोअर असतात, एल३ कॅश ४ एमबी असते, आणि त्याला लागणारी एलपीडीडीआर५ जातीची रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असल्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते की सांगायचे नव्हते, ते मी ठरवू शकलो नाही. अर्थात ७५३०यूदेखील नव्या नावाने आलेला जुनाच गडी आहे. आदल्या वर्षीच्या ५६२५यूपेक्षा तो नावापुरताच वेगळा आहे, कारण कोअर तेच, ग्राफिक्सही तेच, फक्त कमाल वेग ४.३चा ४.५ झाला. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवले, तर ५६२५यूचे यंत्र त्याला बिनदिक्कत घेता येईल.

आता प्रत्यक्ष काम. मुलीच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाचे चाळीस मिनिटांचे चित्रीकरण लहान करून पाठवायचे होते, म्हणून एका रविवारी तीच फाईल, तेच सॉफ्टवेअर आणि तीच सेटिंग ठेवून दोन्ही लॅपटॉप चार्जरला लावून एकदमच सुरू केले. व्हिडिओसाठी असलेल्या वेगळ्या हार्डवेअरची मदत मुद्दाम बंद ठेवली, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर पडावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात इंटेल स्पष्टपणे पुढे होता. शेजारी उघडून ठेवलेल्या मापकात त्याच्या विजेचा आकडा चाळीस वॅटच्या वर गेलेला दिसत होता, आणि त्यात नवल नाही, कारण इंटेलने या प्रोसेसरला अल्पकाळासाठी ५५ वॅटपर्यंत मुभा दिलेली आहे. पण मिनिटभराच्या आत पंखा घोंगावू लागला, आकडा घसरत विशीच्या खाली येऊन स्थिरावला, आणि त्याबरोबर वेगही उतरला. रायझनचा आकडा सुरुवातीला फार वर चढला नाही आणि नंतर फार खालीही आला नाही. शेवटी रायझनने फाईल बाहेर काढून ठेवली तेव्हा इंटेलचे काम अजून चालू होते, आणि ते संपेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन झाला होता.

याचा अर्थ इंटेल मागे पडतो असा मात्र नाही, कारण माझे रोजचे काम चाळीस मिनिटांच्या सलग भाराचे नसून चार-चार सेकंदांच्या धक्क्यांचे असते. टॅलीतून काढलेली वर्षभराच्या व्यवहारांची एक्सेल उघडायची, सूत्रे लावायची, बँकेचे विवरण ताडून पाहायचे, पीडीएफ जोडून पुढची फाईल घ्यायची. यात बहुतांश वेळ एकाच कोअरच्या ताकदीवर सगळे अवलंबून असते आणि तिथे इंटेलचा मोठा कोअर सरस आहे. तीच जड एक्सेल मुलीच्या लॅपटॉपवर उघडली की किंचित थांबल्यासारखे वाटते. फरक सेकंदा-दोन सेकंदांचा असला, तरी ३१ जुलैच्या आधीच्या आठवड्यात दिवसातून शंभरदा तो जाणवतो. उलट मुलीचे सबमिशन जवळ आले, की तिच्याकडे अ‍ॅप बनवण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (पडद्यावर चालणारा नकली फोन) आणि ब्राउझरचे वीस टॅब एकाच वेळी चालू असतात, आणि तिथे सहा सारखे कोअर शांतपणे काम उरकतात.

ग्राफिक्सच्या बाबतीत एक छोटा शोध मला लागला. माझ्या लॅपटॉपच्या जाहिरातीत ग्राफिक्सचे नाव ‘आयरिस एक्सई’ असे ठळक छापलेले होते, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र नुसते ‘यूएचडी’ दिसत होते. कारण साधे होते: दुकानातून आलेल्या यंत्रात रॅमची ८ जीबीची एकच पट्टी होती आणि दुसरा स्लॉट रिकामा होता. रॅम दोन मार्गांनी पोचत नसेल, तर इंटेलचे हे ग्राफिक्स पूर्ण नावाने आणि पूर्ण ताकदीने चालत नाही. मागचे झाकण उघडून दुसरी पट्टी बसवली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि त्याच ओळीत ‘आयरिस एक्सई’ उमटले. रायझनच्या लॅपटॉपमध्ये नाव बदलत नाही एवढेच. एका पट्टीमुळे वेगाचे नुकसान त्याचेही होते. दोन्हींत दोन-दोन पट्ट्या झाल्यावर हलक्या गेमसाठी दोघांत निवडण्यासारखे मला फारसे काही दिसले नाही.

बॅटरीचा निकाल आमच्या इथे गुरुवारी लागतो, कारण देखभालीसाठी सकाळपासून वीज जाण्याचा हा वार पुणेकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. दोन्ही बॅटऱ्यांची क्षमता जवळपास सारखी असूनही अशा दिवशी माझा लॅपटॉप दुपारच्या जेवणाच्या सुमारास चार्जर शोधायला लावतो, आणि मुलीचा मात्र दुपारच्या चहापर्यंत तग धरतो. याला एक अपवाद आहे. यूट्यूबवरची व्याख्याने लावली की तिचा लॅपटॉप कधीकधी उगाचच तापायचा. “बाबा, नुसता व्हिडिओ बघतेय, तरी पंखा का ओरडतोय?” या तिच्या प्रश्नाचे उत्तर एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारात निघाले. तो उलगडण्याचे हार्डवेअर १२३५यूच्या ग्राफिक्समध्ये आहे, ७५३०यूमध्ये नाही, म्हणून ते ओझे थेट कोअरवर येते. यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ कमी दर्जाच्या व्हिडिओपुरते मर्यादित केल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

तेव्हा पाच हजारांचा हिशेब असा लागतो. मी जास्त दिलेल्या रकमेतून मला चपळ एक्सेल आणि एव्ही१ची सोय मिळाली. मुलीच्या लॅपटॉपवर वाचलेल्या रकमेतून तिची रॅमची दुसरी पट्टी तेव्हा दोन हजारांच्या आत आली आणि वर तीन हजार उरले. सलग भार, बॅटरी आणि किंमत हे तीन निकष धरले, तर मी रायझनच्या बाजूने कौल देईन आणि विद्यार्थ्याला डोळे झाकून तोच सुचवीन. हिशेबनिसाला मात्र आय५च सुचवीन, तोही दोन पट्ट्यांसह. त्याच किमतीत आय५-१३३५यू मिळत असेल तर तो घ्यावा. कोअरची मांडणी तीच दोन आणि आठची, कमाल वेग तेवढा ४.६ गिगाहर्ट्झ.

२०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढल्यामुळे ‘आत्ता ८ घेऊ, मग वाढवू’ हा माझा जुना बेत आज तितकासा परवडणारा राहिलेला नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावरच्या दोन ओळी पाहाव्यात. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी किती स्लॉट भरलेले आहेत ते कळते, आणि ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडीआयएमएम’ (काढता-घालता येणारी पट्टी) याऐवजी ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले, तर ती रॅम डकवलेली आहे असे समजावे, मग विक्रेता झाकण उघडून दाखवायला कितीही तयार असो.