सी-रिड्यूस: कंपायलरचा दोष पुराव्यासकट पकडणारं अवजार

कंपायलरची, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती घेतली आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातल्याची चूक) देऊन पडायला लागला, की संशय आधी आपल्याच कोडवर येतो. बहुतेक वेळा तो खराही असतो. पण दोष खरोखरच कंपायलरचा असेल, तर तो सिद्ध करायला सी-रिड्यूसइतकं भरवशाचं अवजार मी दुसरं वापरलेलं नाही.

युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी ते २०१२च्या शोधनिबंधात मांडलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. त्याला सोर्स फाइली द्यायच्या आणि सोबत दोष अजून दिसतो का ते तपासणारी एक शेल स्क्रिप्ट. ते कोडचे तुकडे उडवत जातं आणि दरवेळी स्क्रिप्ट चालवून बघतं. ० परत आला, म्हणजे दोष अजून दिसतोय, तर तुकडा गेला, नाहीतर जागच्या जागी.

माझं प्रकरण सी++२० मॉड्यूल्सचं, म्हणजे एकमेकांत आयात करता येणाऱ्या कोडच्या भागांचं. टेम्प्लेट क्लास एका मॉड्यूलमध्ये, वापर दुसऱ्यात. नव्या आवृत्तीवर पहिल्याच कॉलला क्रॅश, आणि दोन्ही एकाच मॉड्यूलमध्ये आणले की सगळं ठीक! हजारो ओळींत शोधणार काय? रात्री सी-रिड्यूस लावून ठेवलं. सकाळी दोन्ही फाइली मिळून एका स्क्रीनवर मावत होत्या. उरलं होतं ते एवढंच: एक रिकामा स्ट्रक्ट, नो_युनिक_अ‍ॅड्रेस (रिकाम्या सदस्यासाठी वेगळी जागा राखू नका, असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावलेला त्याचा सदस्य आणि शेजारी एक पॉइंटर. टेम्प्लेटच्या मूळ मॉड्यूलमध्ये साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, ८, आयात करणाऱ्यात १६. आयात होताना ते अ‍ॅट्रिब्यूट गळत होतं, त्यामुळे दुसरं मॉड्यूल पॉइंटर आठ बाइट पुढे शोधत होतं आणि तिथे कचरा होता.

सगळा जीव मात्र त्या स्क्रिप्टमध्ये आहे. 'क्रॅश झाला का' एवढंच विचारलंत, तर न भरलेल्या व्हेरिएबलवर कोसळणारा भलताच प्रोग्राम हाती येईल आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होईल. माझ्या स्क्रिप्टच्या अटी अशा: जुन्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम ० देऊन संपला पाहिजे, नव्याचा १३९, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्टचा आकडा, देऊन. जुन्या बांधणीवर अ‍ॅड्रेस आणि यूबी सॅनिटायझरची (मेमरीच्या आणि अनिश्चित वर्तनाच्या चुका पकडणाऱ्या तपासण्यांची) एकही तक्रार नको, वॉर्निंग म्हणजे एरर. टाइमआउट हवाच, कारण तुकडे उडता उडता अनंत लूप तयार होतात. आणि मॉड्यूलच्या मधल्या फाइली चालू फोल्डरमध्येच बनवा. सामायिक कॅशमध्ये गेल्या तर समांतर चालणाऱ्या फेऱ्या एकमेकींच्या फाइली तुडवतात.

वेळ खातं, सगळे कोअर व्यापतं. उरलेलं कोड वाचायला रूक्ष असतं, तरी दोष नोंदवताना मी तेच जोडलं. देखभाल करणाऱ्यांनी एकही प्रश्न न विचारता दोष मान्य केला आणि त्या ओळी त्यांच्या चाचणीसंचात घेतल्या. एवढ्यासाठी मी पाचपैकी पाच देते.

सी-रिड्यूस पर्लमध्ये आहे; ती बांधणी नको असेल तर सी-वाइज घ्या. ते याचंच पायथनमधलं रूप आहे, आणि स्क्रिप्ट तीच चालते.