दगडफुलाच्या कॅप्सूल, ४२,८८० रुपये आणि एक पांढरी पुडी

२७ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि एका कॅप्सूलवाल्याने मला ४२,८८० रुपयांना फसवलं. लिहायची लाज वाटते. पण तोच माणूस आता शेजारच्या तालुक्यात निवृत्त शिक्षकांची घरं धुंडाळतोय असं कळलं, म्हणून लिहिते आहे.

"बाई, ओळखलंत का? नववी ब." वाकून पाया पडला. ह्यांची शुगर वाढलेली, मी त्या काळजीत. दगडफुलाच्या कॅप्सूलने शुगर बरी होते म्हणाला. पुढचं नेहमीचंच: आधी दोन बाटल्या, २,८५० प्रमाणे ५,७००. मग "बाई, तुमच्या शब्दाला मान आहे, तुम्हीच वितरक व्हा." वीस बाटल्या १,८०० ने, म्हणजे ३६,०००, वर नोंदणीचे १,१८०. नणंदेने माझ्याकडून दोन बाटल्या घेतल्या होत्या, तिचे पैसे मी परत केले. त्या ५,७०० पेक्षा तिचं गप्प बसणं जास्त लागलं.

मला कळायला हवं होतं ती वेळ सांगते. त्याने पेल्यात पाणी घेतलं, टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले. तपकिरी झालेलं पाणी दाखवून म्हणाला, "हे सरांचं रक्त." मग पुडी सोडून ढवळलं आणि पाणी नितळ! अहो, हाच प्रयोग मी दरवर्षी लिंबाचा रस घालून मुलांना दाखवायचे. क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं, रंग जातो, एवढंच. आणि ती पुडी त्याने शर्टाच्या खिशातून काढली होती, बाटली समोर सीलबंदच होती. पूड पांढरी होती. पांढरी! दगडफूल वरून राखाडी, खालून काळं. चाळीस वर्षं गोड्या मसाल्यासाठी भाजते आहे मी ते, कुटल्यावर त्याची पूड कधी पांढरी होत नाही. मी ती पाहिली, मनात खटकलंही, आणि चहा टाकायला आत गेले.

पत्रकही वाचलं होतं. 'आयसी ५०: आमचा अर्क ४१२, क जीवनसत्त्व ९, म्हणजे ४५ पट ताकद.' हे साफ उलटं आहे. डीपीपीएच नावाच्या चाचणीच्या रसायनाचं जांभळं द्रावण अर्धं फिकं करायला किती मात्रा लागते, तो हा आकडा. जितका मोठा, तितका अर्क दुबळा. त्यांच्याच कागदावर त्यांचा खोटेपणा छापलेला होता. शिवाय परीक्षानळीतला रंग उडाला म्हणून माणसाच्या शरीरात काही होतं, असं सिद्ध होत नाही.

दगडफुलात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला हा जीव. त्यातली बुरशी जी आम्लं तयार करते त्यांतल्या काहींत अँटिऑक्सिडंट गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण पत्रकात 'शुद्ध उस्निक आम्ल' लिहिलं होतं. मसाल्यातल्या दगडफुलात, म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटममध्ये, अ‍ॅट्रानोरिन आणि स्टिक्टिक आम्ल असतं. उस्निक आम्ल पिवळं, झाडांवर दाढीसारख्या लोंबणाऱ्या उस्निया नावाच्या वेगळ्या दगडफुलात भरपूर. उस्निक आम्ल असलेल्या वजन घटवायच्या एका गोळीने यकृताला इजा होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली दिला होता. म्हणजे पत्रक खोटं असेल तर माझे पैसे गेले आणि खरं असेल तर ह्यांचं यकृत पणाला लागलं होतं. नंतर मी कॅप्सूल फोडून आयोडीनमध्ये टाकली. रंग गेला नाही, निळाकाळा झाला. पिष्ट! शुगरच्या माणसाला!

कोणी घरी येऊन प्रयोग दाखवला तर पूड त्याच्या खिशातली नको, तुमच्यासमोर फोडलेल्या बाटलीतली घ्या.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "सही तुमचीच आहे ना? मग व्यवहार झाला." सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, हे आमच्याकडे येत नाही. खाद्यपदार्थांच्या कार्यालयात सांगितलं, हे औषध नाही. औषधांच्या टेबलावर सांगितलं, हे खाद्य आहे. दोन टेबलं, मध्ये चार फूट अंतर, आणि मी चार वेळा रिक्षाने गेले! मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे, दोन्हींच्या प्रती मी स्वतः काढून नेल्या. टेबलावरच्या बाईंनी आवकचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या असून कशा फसलात?" तो प्रश्न मला रोज रात्री पडतो, तुम्ही तुमचं काम करा.

बाटलीवरचा चौदा आकडी खाद्य परवाना म्हणजे गुणाची हमी नव्हे. रोख देऊ नका. मी ३६,००० रोख दिले, पावती फक्त १,१८० ची. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंदवा, क्रमांक लिहून घ्या. आणि ह्यांची शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, नऊ दिवस बंद होती, त्याच्या सांगण्यावरून. तसलं कोणी सांगितलं तर त्याला उंबऱ्याबाहेर काढा, विद्यार्थी असला तरी.

हजेरीपट जुन्या मुख्याध्यापकांकडून मागवून पाहिले. त्या नावाचा मुलगा नववी ब मध्ये कधीच नव्हता. उरलेल्या बाटल्या माळ्यावर आहेत. पंचनाम्याला लागतील म्हणून टाकलेल्या नाहीत. अजून कोणी आलेलं नाही.